मोजणाऱ्याची पात्रता

काही वर्षांपूर्वी गावाकडे आमच्या शेताची मोजणी झाली. शेजारच्या खातेदाराशी बांधावरून चालत आलेला तो जुनाच वाद होता. मोजणीला आलेला भूकरमापक तरुण होता. हातात टिपणाची नक्कल, तिपाईवर ठेवायचा फळा आणि साखळी धरायला बरोबर दोन माणसे. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी त्याला बसायला घोंगडी घातली, पाणी दिले आणि एकच प्रश्न विचारला : “साहेब, कुठल्या धोंड्यावरून धरताय?” तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड त्याने दाखवला. “तिथून धरून तुमच्या विहिरीवर उतरतो, आणि ओढ्याच्या अंगानं परत त्याच दगडावर येतो,” तो म्हणाला. आबा काही न बोलता बाभळीखाली जाऊन बसले. तो कुठे शिकला, किती मोजण्या केल्या, यातले त्यांनी काहीही विचारले नाही. त्यांना हवे ते उत्तर मिळाले होते. हा माणूस ज्या दगडावरून निघणार त्याच दगडावर परत येणार होता, म्हणजे त्याची चूक असलीच तर ती सर्वांदेखत उघडी पडणार होती.

साहित्याचा विद्यार्थी ‘भूमापक’ म्हटल्यावर वेगळ्याच माणसाकडे वळतो. फ्रान्झ काफ्काच्या ‘द कॅसल’ या १९२६ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक के. स्वतःला भूमापक म्हणवतो. पण साऱ्या कादंबरीत तो वीतभरही जमीन मोजत नाही. गावाच्या हद्दी ठरलेल्या आहेत, नोंदी चोख आहेत, भूमापकाची आम्हांला गरजच नाही, असे त्याला सांगितले जाते आणि शेवटी शाळेत शिपाईगिरी करण्याची पाळी त्याच्यावर येते. के. खरोखरच भूमापक आहे की नाही यावर समीक्षकांनी बराच खल केला आहे. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. के.ची पात्रता सिद्ध होऊ शकत नाही, कारण त्याला शेतात उभेच राहू दिले जात नाही. त्याची परीक्षा दप्तरातच होते आणि तिथेच संपते.

मोजणाऱ्याची लायकी जमिनीवर ठरायची की दप्तरात, हा प्रश्न काफ्काने कल्पनेतून काढलेला नाही. आपल्या देशातील सर्वेक्षणाच्या इतिहासात तो गेली सव्वादोनशे वर्षे ठाण मांडून आहे. अभियांत्रिकीच्या वर्गात हा इतिहास सहसा सांगितला जात नाही आणि आपल्या वर्गात तो येण्याचे कारणच नसते. तरीही तो आपल्या वाटणीचा आहे असे मला वाटते, कारण त्याच्या केंद्रस्थानी एक ग्रंथ आहे आणि त्या ग्रंथाच्या लेखकत्वाचा वाद आहे.

आरंभ शब्दापासून करू. गुणवत्तेच्या निकषाला मराठीत आपण ‘मापदंड’ म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ मोजायची काठी असा आहे, हे बोलताना आपल्या ध्यानातही नसते. कालिदासाला ते होते. ‘कुमारसंभवा’च्या आरंभीच त्याने हिमालयाला पृथ्वी मोजण्याच्या दंडाची उपमा दिली आहे. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जी जमीन-मोजणी झाली, तिची काठी पाच हात आणि पाच मुठी लांबीची होती. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. या व्यवस्थेत प्रमाण काठीत होते, काठी धरणाऱ्यात नव्हते. तो कोण, कुठला, याची फारशी मातब्बरी नव्हती. काठी खरी आहे ना, एवढे पुरे होते. पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात ३३ फुटी साखळी आली. तिच्या चौरसाचा, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा, गुंठा झाला आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. प्लॉटच्या जाहिरातींत आज आपण जो गुंठा वाचतो तो त्या साखळीचाच.

साखळी आणि काठी कोणालाही धरता येते. थिओडोलाइट मात्र कोणालाही वाचता येत नाही. उपकरण अवघड झाले तेव्हा प्रमाण काठीतून निघून माणसात आले, आणि माणूस तयार करायला शाळा लागली. मायकेल टॉपिंग याने १७९४ साली मद्रासला सर्वेक्षणाची शाळा काढली ती अवघ्या आठ मुलांवर. ही मुले बहुतांशी अनाथालयातली, गोऱ्या शिपायांची देशी बायकांपासून झालेली. त्यांना ना धड गोऱ्यांत जागा होती, ना काळ्यांत. विलायतेहून सर्वेक्षक आणणे कंपनीला परवडत नव्हते, म्हणून ही सोय. आशियातील या प्रकारच्या तांत्रिक शिक्षणाचा हा आरंभ कनवाळूपणातून झाला असे कोणी लिहिले तर त्यावर विश्वास ठेवू नये. तो काटकसरीतून झाला. पण काटकसरीतून निघालेल्या शाळाही चांगली माणसे घडवतात. याच शाळेतला जोशुआ डी पेनिंग विल्यम लॅम्बटनच्या हाताखाली गेला. मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी लॅम्बटनने १८०२ साली पायारेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला, त्याच्या कामात डी पेनिंग वर्षानुवर्षे राबला.

लॅम्बटनला मरण आले ते आपल्याकडे, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, २० जानेवारी १८२३ रोजी. त्याची कबर तिथेच आहे. प्रमुख गेला तेव्हा त्या पथकाला सर्वांत जास्त काळ ओळखणारा माणूस डी पेनिंग होता आणि तात्पुरता भार त्यानेच वाहिला. पण प्रमुखपदासाठी त्याचा विचार होण्याचा प्रश्नच नव्हता. ते पद जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले. एव्हरेस्ट थोर सर्वेक्षक होता याविषयी वाद नाही. येथे मुद्दा त्याचा नाही. ‘सब-असिस्टंट’ नावाची जी पायरी त्या खात्यात होती, तिच्या वर जाण्याचा जिना काही माणसांसाठी बांधलेलाच नव्हता, हा आहे.

याच सुमारास मुंबईत एक वेगळा प्रयोग चालला होता आणि मराठीच्या अभ्यासकांना त्याचा विसर पडता कामा नये. १८२०च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली मुंबईला अभियांत्रिकी शिकवणारी संस्था उघडली गेली. तिथले शिक्षण देशी भाषांतून होते. जर्व्हिसने जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या साहाय्याने हटनच्या गणितावरून मराठीत ‘शिक्षामाला’ तयार केली. मोजणीला लागणारी भूमिती, त्रिकोणमिती, लॉगॅरिथम हे सारे मराठीत सांगता येते, असे एका लष्करी इंजिनीयराने आणि एका शास्त्र्याने गृहीत धरले होते. मराठी गद्याच्या घडणीचा इतिहास सांगताना आपण व्याकरण, कोश आणि मिशनरी यांच्यापाशी फार रेंगाळतो. परिभाषा घडवताना ज्या गद्याला एका शब्दाचीही चूक परवडत नाही, ते गद्य मराठीत प्रथम कोणी लिहिले, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. ती संस्था फार वर्षे टिकली नाही. पुण्याला १८५४ साली इंजिनीयरिंगचा वर्ग निघाला, ज्याचे पुढे इंजिनीयरिंग कॉलेज झाले, तेव्हा त्याचा हेतू सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम नोकर तयार करणे हा होता. दुय्यम हा शब्द तिथून पुढे बराच काळ चिकटून राहिला.

शिक्षण उत्तम आणि मोजणी फसलेली, याचेही उदाहरण आपल्याच दख्खनचे आहे. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलीबरीचा, म्हणजे जिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवी त्या कॉलेजाचा विद्यार्थी. खंडाच्या नव्या सिद्धांताप्रमाणे जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्यावर सारा बसवायचा, अशी योजना त्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात राबवली. सिद्धांत निर्दोष होता. मोजणी व प्रतवारी करणाऱ्या हाताखालच्या माणसांचे काम तपासायची सोय मात्र नव्हती. मोजणीत चुका, प्रतवारीत लाचलुचपत, सारा भलताच चढलेला. कुळे गावे सोडून गेली. ‘नेटिव कामगार अप्रामाणिक’ असा निष्कर्ष काढून मोकळे होणे अधिकाऱ्यांना सोपे होते आणि अनेकांनी तो काढलाही. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात काम हाती घेतले, तेव्हा त्यांनी माणसे बदलण्यापेक्षा पद्धत बदलली.

त्यांच्या पद्धतीत प्रतवारी करणारा कारकून शेताचा आराखडा काढून त्याचे भाग पाडी, प्रत्येक भागात मातीची खोली पाही आणि वाळू, चुनखडी, उतार, पाणथळपणा अशा दोषांची खूण त्या त्या भागात करी. खोलीप्रमाणे नऊ प्रती, त्यांची किंमत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. निव्वळ उत्पन्नाचा तात्त्विक हिशेब त्यांनी सोडूनच दिला. पण खरी मेख तपासणीत होती. कारकुनाने केलेल्या कामाचा काही भाग वरिष्ठाने स्वतः शेतात जाऊन पुन्हा करायचा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडायचे. १८४७च्या संयुक्त अहवालाने ही रीत इलाख्यासाठी बांधून दिली. हाताखालचा माणूस तोच, बहुधा त्याच जातीचा, त्याच शाळेचा. पण आता तो करतो ते पुन्हा करून पाहता येत होते आणि त्यामुळे तो भरवशाचा ठरला. साम्राज्याच्या सोयीसाठी झालेले हे काम; त्याचे कौतुक करताना जरा हात आखडता घेतलेला बरा. तरीही पात्रता म्हणजे काय याचे इतके स्वच्छ उत्तर त्या शतकात क्वचितच कोणी दिले असेल.

त्रिकोणमितीय सर्वेक्षणाजवळ तर याहून कठोर कसोटी होती. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वी गोल असल्याने मोठ्या त्रिकोणात त्याहून किंचित अधिक, आणि ते किती अधिक हे गणिताने काढता येते. तिन्ही टोकांवर जाऊन मोजलेले कोन या बेरजेशी जुळले नाहीत तर कोणीतरी चुकले आहे. शिवाय शेकडो मैल त्रिकोण ओढत नेऊन शेवटी दुसरी पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. सिरोंजहून डेहराडूनपर्यंत सुमारे चारशे मैल आल्यावर सातसाडेसात मैलांच्या पायारेषेत जो फरक पडला तो सात इंचांच्या आसपास होता. त्रिकोण गोऱ्याने मोजला की काळ्याने, हे त्रिकोणाला कळत नाही. ते खात्याला कळत होते.

राधानाथ सिकदार या खात्यात आला तो डिसेंबर १८३१ मध्ये, दरमहा तीस रुपयांवर, ‘कंप्यूटर’ म्हणून. संगणक हे तेव्हा यंत्राचे नाव नव्हते, माणसाच्या हुद्द्याचे होते. वय अठरा. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात डॉ. टायटलर यांच्याकडे त्याने न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ अभ्यासला होता आणि टायटलरांनीच त्याची शिफारस केली. काही वर्षांनी त्याने डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीसाठी हालचाल केली, तेव्हा एव्हरेस्टने त्याला सोडण्यास कडाडून विरोध केला. गणितात याची बरोबरी करणारे हिंदुस्थानात, गोरे धरूनही, फार थोडे आहेत, असे त्याने सरकारला कळवले. ही स्तुती खरी आहे आणि ती बेडीही आहे. तो इतका चांगला आहे म्हणून त्याला वर पाठवू नका, असा त्या पत्राचा व्यवहारातला अर्थ.

डेहराडूनला असताना, १८४३ साली, तिथल्या मॅजिस्ट्रेटचे सामान सर्वेक्षण खात्याच्या मजुरांकडून वेठीने वाहवले जात आहे, हे पाहून राधानाथने ते सामान अडवले. खटला झाला. दोनशे रुपये दंड त्याला झाला, मॅजिस्ट्रेटला नव्हे. डोंगरातल्या हमालांची बाजू घेऊन एक ‘कंप्यूटर’ गोऱ्या अधिकाऱ्यासमोर उभा राहिला, ही घटना त्या काळाच्या मानाने लहान नाही. पुढे, १८४९ मध्ये, तो कलकत्त्याला मुख्य गणक झाला. हिमालयातील पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचे १८५६ मध्ये जाहीर झाले. त्या गणितात त्याचा वाटा होता हे सर्वमान्य आहे. तो धावत साहेबाच्या खोलीत गेला आणि जगातले सर्वोच्च शिखर सापडल्याचे त्याने सांगितले, ही कथा मात्र जपूनच घ्यावी. मुख्य गणक कलकत्त्यात आणि सर्व्हेयर जनरल वॉ डेहराडूनला असताना कोण कुणाच्या खोलीत धावला हे सांगणे अवघड आहे. शिखराच्या कथेने राधानाथला प्रसिद्धी दिली आणि त्याचे खरे काम झाकले, असे माझे मत आहे.

ते खरे काम म्हणजे एक पाठ्यपुस्तक. कॅप्टन स्मिथ आणि कॅप्टन थुइलिये यांनी संकलित केलेले ‘अ मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग फॉर इंडिया’ १८५१ साली निघाले. हिंदुस्थानात सर्वेक्षक कसा तयार करायचा, त्याला काय यायला हवे, कोणती चूक चालेल आणि कोणती नाही, याचे हे प्रमाण-पुस्तक. शाळा, खाते, परीक्षा, सगळ्यांचा आधार तोच. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत संकलकांनी स्वच्छ लिहिले होते की तिसऱ्या भागातील काही प्रकरणे आणि प्रायोगिक खगोलशास्त्रावरील पाचवा भाग संपूर्णपणे बाबू राधानाथ सिकदार यांचा आहे. म्हणजे पुस्तकातील सर्वांत अवघड भाग त्याचा. दुसरी आवृत्ती १८५५ची. राधानाथ १८६२ मध्ये निवृत्त झाला आणि १७ मे १८७० रोजी वारला. तिसरी आवृत्ती १८७५ मध्ये निघाली. तोवर थुइलिये सर्व्हेयर जनरल झाला होता. मजकूर राहिला, प्रस्तावनेतले नाव गेले.

याला वाचा फुटली ती ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रात, १८७६ साली, आणि फोडणारा होता खात्यातलाच एक गोरा अधिकारी, कर्नल मॅकडोनाल्ड. मेलेल्या माणसाची ही लूट आहे, असा त्याचा आक्षेप होता. त्याला त्याची किंमत नोकरीत मोजावी लागली. नाव वगळण्यामागे द्वेष होता की आळस, हे आज कोणाला ठरवता येणार नाही. थुइलियेच्या मनात शिरण्याचा मला अधिकार नाही. पण परिणाम उघड आहे. एका पिढीतले सर्वेक्षक ज्या प्रकरणांवरून परीक्षेला बसले, ती प्रकरणे ज्याने लिहिली त्याला स्वतःला त्या खात्याच्या पात्रतेच्या शिडीवर ‘गणक’ या पायरीच्या पुढे कधी जागा नव्हती. त्याने मापदंड घडवला आणि तो मापदंड त्यालाच लावला गेला नाही. याच वर्षांत इंग्लंड-युरोपात सर्वेक्षकांचा व्यवसाय संघटित होत होता. लंडनची संस्था १८६८ची, पॅरिसला स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय महासंघ १८७८चा. परीक्षा, सभासदत्व, व्यवसायाची नीती यांची चर्चा तिथे ऐन भरात आली, त्याच सुमारास कलकत्त्यात एका प्रस्तावनेतला परिच्छेद गळत होता.

राधानाथचे आणखी एक पुस्तकी काम साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १८५४ मध्ये त्याने प्यारीचाँद मित्र यांच्यासह ‘मासिक पत्रिका’ काढली, ती बायकांनाही सहज वाचता यावी अशा साध्या बंगालीत. बंगाली कादंबरीच्या आरंभी जिचे नाव घेतात ती प्यारीचाँदांची ‘आलालेर घरेर दुलाल’ याच मासिकातून क्रमशः येऊ लागली. जो माणूस दिवसभर लॉगॅरिथमची कोष्टके तपासतो, त्याला रात्री अवजड, संस्कृतप्रचुर भाषा सोसत नसावी, असे मला उगाचच वाटते.

नैनसिंगाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची कथा पुष्कळांनी रंगवून सांगितली आहे. मिलमचा हा शाळामास्तर. त्याला ‘पंडित’ म्हणत ते त्यामुळेच. डेहराडूनला त्याला सारख्या लांबीचे पाऊल टाकण्याचे शिक्षण दिले गेले, मैलाला सुमारे दोन हजार पावले. चढ असो, उतार असो, पाऊल बदलायचे नाही. मोजदादीसाठी १०८ऐवजी १०० मण्यांची जपमाळ. मापदंड इथे माणसाच्या पायातच उतरवला होता. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ साली त्याला सुवर्णपदक दिले. मला पदकापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की त्याने ‘अक्षांश दर्पण’ नावाचे हिंदी पुस्तक लिहिले आणि पुढच्या माणसांना स्वतः शिकवले. मास्तर तो मास्तरच राहिला.

विसाव्या शतकात मोजणी पायांतून डोळ्यांत गेली. जर्मन वास्तुविशारद मायडेनबाउअर १८५८ साली वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला आणि इमारतीऐवजी तिचे छायाचित्र मोजता येणार नाही का, हा विचार त्याच्या मनात आला. ‘फोटोग्रामेट्री’ हा शब्द रूढ केला तो त्यानेच, १८६७ मध्ये. फ्रान्समध्ये लोसदा त्याच दिशेने आधीच निघाला होता. विमाने आली आणि हे शास्त्र आकाशात गेले. एकाच जागेची, एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारी दोन छायाचित्रे दोन डोळ्यांनी वेगवेगळी पाहिली, की मेंदू त्यांतून डोंगर उभा करतो. त्या डोंगरावर एक ठिपका तरंगतो. तो जमिनीला नेमका टेकवायचा, वरही नाही आणि खालीही नाही, हे मापकाचे कौशल्य. शिकाऊ उमेदवाराची खोली पाहणारी नजर आधी तपासली जाई. ज्याच्या दोन डोळ्यांत तो मेळ नाही त्याने कितीही गणित केले असले तरी हे काम त्याला नाही. या पद्धतीने मोजणारे उपकरण येनाच्या कार्ल झाइस कारखान्यात १९०१ साली तयार करणारा पुलफ्रिश पुढे एका डोळ्याने अंध झाला. दोन डोळ्यांच्या दृष्टीतला जो चमत्कार आज त्याच्या नावाने ओळखला जातो, तो त्याला स्वतःला कधी पाहता आला नाही.

नजरेची ही कसोटी मला आबांच्या धोंड्यासारखी वाटते. ती जात पाहत नाही, हुद्दा पाहत नाही. पण ती सर्वांना देता येईल अशी शाळा मात्र लागते, आणि अशी शाळा डच लोकांनी काढली. विलेम शेरमरहोर्न हा भूमापनाचा प्राध्यापक युद्धानंतर १९४५-४६ मध्ये नेदरलँड्सचा पंतप्रधान होता. राजकारणातून परतल्यावर त्याने १९५० मध्ये डेल्फ्टला हवाई सर्वेक्षणाचे आंतरराष्ट्रीय शिक्षणकेंद्र उभे केले, ते मुख्यतः नव्याने स्वतंत्र झालेल्या आणि होऊ घातलेल्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी. इंडोनेशिया नुकताच हातून गेलेल्या देशाने हे करावे, यात प्रायश्चित्त किती आणि धोरण किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. नेहरू १९५७ मध्ये नेदरलँड्सला गेले आणि तशी संस्था आपल्याकडे हवी हे त्यांनी मनावर घेतले. डच सहकार्याने, भारतीय सर्वेक्षण खात्याच्या छत्राखाली, २१ एप्रिल १९६६ रोजी डेहराडूनला छायाचित्र-अर्थबोधनाची संस्था सुरू झाली. तीच आजची सुदूर संवेदन संस्था. भूगर्भतज्ज्ञ, वनाधिकारी, मृदाशास्त्रज्ञ तिथे एकाच बाकावर बसून छायाचित्र वाचायला शिकले. ज्या गावी राधानाथला दंड झाला आणि नैनसिंगाने पाऊल टाकायचे शिकले, त्याच गावी ही शाळा निघाली. तिचा पत्ता कालिदास मार्ग. हिमालयाला मापदंड म्हणणाऱ्या कवीच्या नावाचा रस्ता तिच्या वाट्याला यावा हा निव्वळ योगायोग असेल, पण असे योगायोग मराठीच्या मास्तरांना सोडवत नाहीत.

आता तो ठिपका जमिनीला टेकवण्याचे काम बहुतांशी यंत्र करते. हवेत ड्रोन, हातात रोव्हर, आणि आकडे उपग्रहाकडून. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी जाहीर झाली, पण गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग महाराष्ट्राने त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू केला होता. चौथऱ्याचा, परड्याचा, गोठ्याचा नकाशा ज्या घरांना पिढ्यानुपिढ्या मिळाला नव्हता, त्यांना तो मिळू लागला. हे मोठे काम आहे आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो एवढाच, की आता पात्रता कोणाची तपासायची? उडवणाऱ्याची, सॉफ्टवेअर चालवणाऱ्याची, की सही करणाऱ्याची? स्टिरिओस्कोपमधून पाहणारा निदान सांगू शकत असे की मी हा उंचवटा पाहिला. आज नकाशात चूक निघाली तर ती कोणत्या टप्प्यावर शिरली, हे शोधायलाच वेगळा तज्ज्ञ लागतो. कर्नाटकासारख्या राज्याने खासगी मोजणीदारांना परवाने दिले आहेत. परवाना परीक्षेनंतर मिळतो हे ठीकच, पण विंगेटच्या कारकुनाचे काम पुन्हा मोजले जाई, तसे परवानाधारकाचे किती आणि कोण मोजते, हे विचारल्याखेरीज त्या कागदाची किंमत ठरत नाही.

आमच्या गावठाणाची मोजणीही ड्रोननेच झाली. यंत्र वरून छत पाहते, कौल पाहते, झाड पाहते. दोन घरांमधली हद्द त्याला दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी ज्याने त्याने आपापली हद्द दाखवायची आणि तिथे चुन्याची रेघ मारायची, अशी रीत आहे. आबा तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्यांना खुर्चीवर बसवून अंगणात आणले. शेजारचे तात्याही आले. परसातल्या चिंचेच्या बुंध्याशी एक जुना दगड अर्धा मातीत गेला होता तो पोरांनी कुदळीने मोकळा केला. आबांनी तात्यांकडे पाहिले, तात्यांनी मान हलवली, आणि ग्रामपंचायतीचा माणूस घमेल्यातला चुना मुठीत घेऊन त्या दगडापासून रेघ ओढत निघाला.